शिक्षा: शाळेतली आणि कोर्टातली

‘शिक्षा’ हा शब्द मराठी कानावर पडला की डोळ्यांपुढे न्यायालय येते, तुरुंग येतो किंवा वर्गाबाहेर अंगठे धरून उभे असलेले मूल येते. तोच शब्द हिंदी किंवा बंगाली माणसाला शाळेची, पुस्तकाची, गुरुजींची आठवण करून देतो. हिंदी शाळेच्या वेळापत्रकात ‘शारीरिक शिक्षा’ नावाचा तास असतो आणि मुले त्याची वाट पाहतात, कारण तो मैदानावर खेळण्याचा तास असतो. मराठीत ‘शारीरिक शिक्षा’ म्हणजे छडी, आणि ती कायद्याने बंद आहे. अक्षरे तीच, उच्चार जवळजवळ तोच, तरीही देशाच्या एका भागात हा शब्द हवासा आहे आणि दुसऱ्या भागात नकोसा. हा फरक पडला कसा, हे समजण्यासाठी शब्दाच्या मुळापाशी जावे लागते.

हे मूळ ‘शक्’ या धातूत आहे. शक् म्हणजे समर्थ असणे, जमणे. शक्ती, शक्य, अशक्त हे शब्द त्याचेच आणि मराठीतले ‘शकणे’ हे क्रियापदही त्याच कुळातले. एखादी क्रिया करण्याची इच्छा दाखवायची असेल तर संस्कृतात धातूला ‘सन्’ हा प्रत्यय लावतात. ज्ञा म्हणजे जाणणे, त्यावरून जिज्ञासा. पा म्हणजे पिणे, त्यावरून पिपासा. लभ् म्हणजे मिळणे, त्यावरून लिप्सा. शक् ला हाच प्रत्यय लागून ‘शिक्ष्’ होते. एरवी या प्रत्ययामुळे धातूचे पहिले अक्षर दुणावते. काही मोजक्या धातूंत मात्र ते न दुणावता आतला स्वर बदलतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायात अशा धातूंची नोंद करताना लभ् आणि शक् यांना शेजारीशेजारी बसवले आहे. धातुपाठात तर ‘विद्या घेणे’ या अर्थाचा ‘शिक्ष्’ हा स्वतंत्र धातूही दिलेला आहे. शब्द इतका रूढ झाला होता की त्याला स्वतःचे घर मिळाले.

म्हणजे मुळात शिक्षा ही एक इच्छा आहे: ‘आपल्याला हे जमावे’ ही. जे अजून जमत नाही पण जमायला हवे असे ज्याला वाटते, तो शिकणारा. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत शिकण्याच्या अनेक व्याख्या सापडतात. या जुन्या धातूत दडलेली व्याख्या त्यांतल्या बहुतेकींपेक्षा नेमकी आहे, कारण तिच्यात माहितीचा साठा करण्याला जागाच नाही. आहे ती सामर्थ्याची ओढ.

ऋग्वेदात या धातूचे अर्थ अजून पातळ, वाहते आहेत. तिथे ‘शिक्षति’ म्हणजे मदत करतो, देतो असाही अर्थ होतो आणि वैदिक शब्दांचा प्राचीन कोश असलेल्या निघंटूत हे क्रियापद ‘देणे’ या अर्थाच्या क्रियापदांत मोजले आहे. दुसऱ्यासाठी समर्थ होऊ पाहणे म्हणजे त्याला साहाय्य करणे, असा हा धागा. सातव्या मंडलात इंद्राकडे एक मागणे आहे: बाप मुलांना देतो तशी आम्हाला बुद्धी आणून दे. त्याच ऋचेत पुढे शिक्ष् धातू येतो आणि तिथे ‘दे’ म्हणावे की ‘शिकव’ म्हणावे हे ठरवणे भाष्यकारांनाही सोपे गेलेले नाही. बापाने मुलाला काही देणे आणि काही शिकवणे यांत तेव्हा फारसे अंतर नसावे.

याच मंडलातले बेडकांचे सूक्त प्रसिद्ध आहे. पावसाळा सुरू होताच एक बेडूक ओरडतो आणि दुसरा त्याचाच आवाज उचलतो. ऋषीला हे दृश्य पाठशाळेसारखे वाटले. या उपमेत गुरूला ‘शाक्त’ म्हटले आहे आणि शिष्याला ‘शिक्षमाण’. दोन्ही शब्द शक् पासूनच आलेले. एकाला जमते, दुसऱ्याला जमावेसे वाटते. गुरू आणि शिष्य यांच्यातले अंतर एवढेच असल्याचे एकाच धातूच्या दोन रूपांतून इतक्या सहज सांगणारी दुसरी जागा प्राचीन वाङ्मयात क्वचितच असेल.

पुढे शब्दाला ठरीव, शास्त्रीय अर्थ आला. सहा वेदांगांतले पहिले अंग म्हणजे शिक्षा: शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद, ज्योतिष. इथे शिक्षा म्हणजे उच्चारांचे शास्त्र. वेद लिहून ठेवायचा नव्हता, तोंडातून तोंडात जायचा होता. त्यामुळे पहिली गोष्ट जमायला हवी ती उच्चाराची, आणि ‘जमावे अशी इच्छा’ असा व्यापक शब्द या एका कसबाला चिकटला. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या भागाचे नाव शीक्षावल्ली आहे. त्यातला दीर्घ ‘शी’ हा वेदातला सवलतीचा उच्चार, असे शंकराचार्यांनी भाष्यात सांगून टाकले आहे. उपनिषद शिक्षेचे सहा विषय मोजते: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान. म्हणजे अक्षर कोणते, ते उंच की नीच, किती वेळ धरायचे, किती जोर लावायचा, समतोल कसा ठेवायचा आणि एक अक्षर दुसऱ्याला कसे जोडायचे. याच वल्लीच्या शेवटाकडे अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरूने केलेला उपदेश आहे. खरे बोल, धर्माने वाग, आई, वडील, गुरू आणि पाहुणा यांना देव मान, असा तो उपदेश. आजही विद्यापीठांच्या पदवीदान समारंभांत त्याचा आधार घेतला जातो. सुरुवात अक्षराच्या उच्चारापासून आणि शेवट माणसाच्या वागण्यापाशी, असा एका वल्लीतला हा पल्ला आहे.

शिक्षेवर पुढे छोटे छोटे ग्रंथ झाले. शुक्ल यजुर्वेदाची याज्ञवल्क्य शिक्षा, अथर्ववेदाची मांडूकी शिक्षा, सामगायनाचे स्वर सांगणारी आणि म्हणून संगीताच्या अभ्यासकांना आजही लागणारी नारदीय शिक्षा. सर्वांत परिचित आहे ती पाणिनीय शिक्षा. तिने वेदाला माणसाचे रूप देऊन व्याकरणाला त्याचे तोंड म्हटले आहे आणि शिक्षेला नाक. अक्षर कसे उच्चारावे, तर वाघीण आपली पिल्ले दातांत धरून नेते तसे: दात रुतता कामा नयेत आणि पिल्लू निसटताही कामा नये. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात अशी जिवंत उपमा सापडावी, हे या ग्रंथाचे वैभव. वाईट वाचकांचे सहा प्रकारही तिथे आहेत. गाऊन वाचणारा, घाईने वाचणारा, डोके हलवणारा, लिहिलेले बघून वाचणारा, अर्थ न कळता वाचणारा आणि आवाज खोल गेलेला. त्यांतला चौथा आज सगळीकडे दिसतो. त्या काळी तो दोष होता.

उच्चार चुकला तर काय होते, हे सांगायला या परंपरेत इंद्रशत्रूची कथा येते. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र मिळावा म्हणून होम केला आणि मंत्रात ‘इंद्रशत्रु’ असा शब्द योजला. या समासाचा स्वर शेवटी दिला तर अर्थ होतो इंद्राला मारणारा; स्वर सुरुवातीला दिला तर ज्याला इंद्र मारील तो. त्वष्ट्याच्या यज्ञात स्वर सुरुवातीला पडला आणि त्याचा पुत्र वृत्र इंद्राच्या हातून मेला. पतंजलीच्या महाभाष्यातही ही कथा आरंभीच येते. मराठी वाचकाला इथे योगायोग जाणवेल: शिक्षेत चूक झाली आणि शिक्षा झाली. संस्कृत ग्रंथकाराच्या मनात मात्र हा श्लेष नव्हता. त्याच्यासाठी शिक्षा म्हणजे फक्त शिकणे आणि शिकलेले कसब.

काव्यनाटकांत हे कसब पुष्कळ ठिकाणी भेटते. अस्त्रविद्येची शिक्षा, हत्तीघोड्यांची शिक्षा, नृत्याची शिक्षा. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार कबूल करतो की नट कितीही शिक्षित असले, तरी जाणकार संतुष्ट होईपर्यंत त्यांना स्वतःचा भरवसा वाटत नाही. मालविकाग्निमित्रात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांची स्पर्धा लागते, तेव्हा परिव्राजिका निवाड्याचे सूत्र सांगते: कुणाची विद्या स्वतःपाशी उत्तम असते, कुणाची दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची हातोटी उत्तम असते, ज्याच्याकडे दोन्ही असेल त्याला शिक्षकांत पहिले स्थान द्यावे. ‘शिक्षक’ हा शब्द कालिदासाने इथे आजच्याच अर्थाने वापरला आहे. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याची कारणे सांगताना जन्मजात शक्ती एका टोकाला ठेवली आणि काव्यज्ञांच्या शिक्षेने केलेला अभ्यास दुसऱ्या टोकाला. मधे लोक, शास्त्रे आणि काव्ये पाहून आलेली निपुणता. शक्ती आणि शिक्षा या सख्ख्या बहिणी एकाच कारिकेत पुन्हा भेटल्या.

धर्मपरंपरांनी शब्दाला आणखी एक वळण दिले आणि दंडाच्या अर्थाकडे जाणारी वाट बहुधा इथूनच निघते. बौद्धांच्या पालीत शिक्षेचे ‘सिक्खा’ झाले. शील, चित्त आणि प्रज्ञा यांच्या तीन सिक्खा. जो अजून शिकतो आहे तो ‘सेख’, आणि ज्याचे शिकणे पूर्ण झाले तो अर्हत ‘असेख’. भिक्खूंच्या पातिमोक्खात थेरवादी परंपरेप्रमाणे २२७ नियम आहेत, त्यांतले ७५ ‘सेखिय’, म्हणजे चालणे, बसणे, जेवणे यांची शिकवण देणारे. प्रत्येक नियमाला ‘सिक्खापद’ म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द केवळ ग्रंथात राहिलेला नाही. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या विहारांत पंचशील म्हटले जाते आणि त्यातल्या पाचही वचनांत ‘सिक्खापद’ येते. शिक्षेचा जुना अर्थ महाराष्ट्रात रोज उच्चारला जातो तो या ठिकाणी, पालीच्या वेषात. जैन श्रावकाच्या बारा व्रतांपैकी चार ‘शिक्षाव्रते’ आहेत, पुन्हा पुन्हा सराव करायची. आठव्या शतकातल्या शांतिदेवाचा शिक्षासमुच्चय बोधिसत्त्वाच्या आचरणाचे नियम गोळा करतो. चैतन्य महाप्रभूंच्या नावावरचे शिक्षाष्टक आठ श्लोकांचे आहे आणि त्यांच्या संप्रदायात दीक्षागुरू वेगळा, शिक्षागुरू वेगळा. सहजानंद स्वामींनी १८२६ मध्ये वडतालला शिक्षापत्री पूर्ण केली. २१२ श्लोकांत अनुयायांनी काय करावे आणि काय टाळावे हे सांगणारी. या सगळ्या ठिकाणी शिक्षा म्हणजे कसब कमी आणि नियम जास्त. नियम आला की तो मोडणाराही येतो, आणि मोडणाऱ्याला वळणावर आणणेही आले.

संस्कृतात हे वळणावर आणणे दोन शब्दांनी पूर्वीच दाखवले होते. ‘शास्’ म्हणजे शिकवणे आणि शासन करणे, दोन्ही. शिष्य आणि शास्त्र हे शब्द या धातूचे, तसाच शास्ताही. मराठीत ‘महाराष्ट्र शासन’ असते आणि गुन्हेगाराला ‘कडक शासन’ही होते. ‘विनय’ म्हणजे मुळात वळण लावणे, म्हणून भिक्खूंच्या नियमग्रंथाचे नाव विनयपिटक. मारण्याबांधण्याला मात्र संस्कृतात प्रतिष्ठित शब्द होता ‘दंड’. मनुस्मृतीचा राजधर्म दंडाभोवती फिरतो, राज्यशास्त्राला दंडनीती म्हणत. या कामासाठी शिक्षेची गरज नव्हती.

प्राकृतातून शिक्ष् लोकांच्या तोंडी आला तो ‘सिक्ख’ होऊन. हिंदीत त्याचे ‘सीखना’ झाले, मराठीत ‘शिकणे’. हिंदीतला ख मराठीत क झाला, जसा हिंदी ‘भीख’चा मराठीत ‘भीक’ झाला. पंजाबीत शिकणे ते ‘सिखणा’, आणि ‘शीख’ हे पंथाचे नाव शिष्य या शब्दाशी जोडले जाते. मराठीने या एका क्रियापदावर मोठे घर बांधले: शिकवण, शिकवणी, शिकाऊ, शिकलासवरलेला. ‘प्रयत्नांची शिकस्त’ मात्र या घरातली नाही. ती फारसीतून आलेली, आणि तिथे तिचा अर्थ मोडणे, पराभव असा आहे.

मूळ तत्सम ‘शिक्षा’ मग भाषाभाषांत पुन्हा संस्कृतातून उचलली गेली आणि तिथे वाटा फुटल्या. हिंदी, नेपाळी, बंगाली, ओडिया, असमिया या भाषांत ती विद्येच्या बाजूला राहिली; पंजाबीत ‘सिख्या’ म्हणून. बंगालीत शिकलेला माणूस ‘शिक्षित’ आणि रवींद्रनाथांच्या शिक्षणविषयक निबंधांच्या पुस्तकाचे नावही ‘शिक्षा’. दुसऱ्या बाजूला मराठी, कोकणी, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम. कन्नडमध्ये फाशी ती ‘गल्लु शिक्षे’, तेलुगूत ‘उरि शिक्ष’, मल्याळममध्ये ‘वधशिक्षा’. जुन्या भारतीय दंड संहितेला तेलुगूत ‘भारतीय शिक्षास्मृति’ म्हणत आणि मल्याळममध्ये ‘इंडियन शिक्षानियमम्’. उत्तर प्रदेशातल्या वाचकाने ही नावे वाचली तर त्याला तो एखादा शाळांचा कायदा वाटेल.

ही सीमारेषा नीट पाहिली तर ती भाषाकुळांची नाही. मराठी, कोकणी आणि गुजराती या आर्यकुळातल्या भाषा इथे बंगाली-हिंदीची साथ सोडून द्रविड शेजाऱ्यांच्या पंक्तीला बसल्या आहेत. रेषा भूगोलाची आहे: पश्चिम आणि दक्षिण एकीकडे, उत्तर आणि पूर्व दुसरीकडे. शब्द शेजाराने बदलतात, रक्ताने नव्हे, याचे हे ठळक उदाहरण. उत्तरेला फारसी ‘सज़ा’ मिळाली म्हणून शिक्षा विद्येकडे मोकळी राहिली, हे स्पष्टीकरण सुचते, पण ते पुरत नाही. मराठीनेही फिर्याद, वकील, कैद, खून असे न्यायालयाचे शब्द फारसी-अरबीतून भरभरून घेतले आणि सजाही घेतली, तरी न्यायाधीश सुनावतो ती शिक्षाच. तमिळने वेगळीच सोय केली. शिकण्याला तिचा स्वतःचा ‘कल्वि’ हा शब्द आणि दंडाला ‘तण्डनै’, म्हणजे संस्कृत दंडच.

या भाषांनी विद्या सोडली असे मात्र नाही. धातू तोच ठेवून त्यांनी दुसरा प्रत्यय निवडला: ‘शिक्षण’. मराठी आणि कन्नडमध्ये शिक्षण म्हणजे विद्या, तेलुगूत ‘शिक्षण’ म्हणजे प्रशिक्षण. गुजरातीत शिक्षणाबरोबर ‘केळवणी’ हा सुंदर देशी शब्द टिकला. गांधीजींच्या हिंद स्वराजमधल्या शिक्षणावरच्या प्रकरणाचे नाव तेच आहे. मराठीत हे वाटप इतके पक्के आहे की शिक्षक शिक्षण देतो तेव्हा एक गोष्ट घडते, आणि शिक्षक शिक्षा देतो तेव्हा अगदी दुसरी. याच भाषेत ‘दंड’ची रवानगी पैशांकडे झाली. न्यायालय ‘दोन वर्षांची शिक्षा आणि पाच हजार रुपये दंड’ म्हणते, तेव्हा जुन्या दंडाकडे फक्त पावती उरलेली असते.

शिकवण्यातून दंड कसा निघाला, याचा पुरावा चालू बोलण्यात आहे आणि तो रेषेच्या दोन्ही बाजूंना सापडतो. मराठीत चुकलेल्याला ‘धडा शिकवतात’, हिंदीत ‘सबक सिखाते हैं’, कन्नडमध्ये बुद्धी शिकवतात, तेलुगूत बुद्धी सांगतात. बंगालीत, जिथे शिक्षा पूर्णपणे विद्येची आहे, तिथेही खोडी मोडायची असेल तर ‘उचित शिक्षा’ देतात. म्हणजे बीज सगळीकडे होते. पश्चिमेत आणि दक्षिणेत या वाक्प्रयोगाने मूळ शब्द गिळून टाकला, पूर्वेत तो वाक्प्रयोगच राहिला.

समुद्रापलीकडेही हेच दोन अर्थ वेगळे झाले. थाई भाषेत शिक्षणाचा शब्द ‘सुएक्सा’ हा संस्कृत शिक्षेचाच, आणि भिक्खूने चीवर उतरवून गृहस्थ होणे म्हणजे ‘ला सिक्खा’, शिक्षेचा निरोप घेणे. इंडोनेशियात मात्र ‘सिक्सा’ म्हणजे छळ, यातना; नरकयातनांनाही तोच शब्द. पश्चिम जावातल्या जुन्या सुंदानी भाषेत १५१८ मध्ये लिहिलेल्या एका नीतिग्रंथाच्या नावात ‘सिक्सा’ आहे, आणि तिथे तिचा अर्थ शिकवण, आचाराचे नियम असाच आहे. नियमातून यातनेकडे झालेली वाटचाल त्या बेटावर अशी स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात या दोन अर्थांची गाठ सरकारी योजनांनी पुन्हा घातली. केंद्राचे ‘सर्व शिक्षा अभियान’ हिंदी नावानेच इथल्या शाळांत आले आणि २०१८ मध्ये त्याच्या जागी ‘समग्र शिक्षा’ आली. भिंतीवरच्या फलकावर वर ‘सर्व शिक्षा अभियान’ आणि खाली ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’ असे लिहिलेले असे. एकाच धातूची तत्सम आणि तद्भव अशी दोन रूपे, आणि नुकत्याच वाचायला लागलेल्या मराठी मुलाला दुसरे कळे, पहिले बुचकळ्यात पाडी. नावाचे भाषांतर ‘सर्व शिक्षण’ असे करून टाकणे अवघड नव्हते, आणि ते व्हायला हवे होते. कायद्याने मात्र मराठीचा कान सांभाळला. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमाचे नाव मराठीत ‘शिक्षण’ म्हणते आणि त्याचे कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. त्याच कायद्याच्या हिंदी पाठात नावात ‘शिक्षा’ आहे आणि कलम १७ मध्ये मनाई आहे ती ‘दंड’ देण्याला.